पहिल्या फेरीचं पीक

माझ्या तीन पानी ट्रेड-तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर परवा एका गृहस्थांनी लिहिलं : मेथी 2 जुड्या, दूध 1 पिशवी, हिरवी मिरची, डायपर मोठे. त्याचं एवढं काही नाही. पाठकोरा कागद वाया घालवू नये, याच संस्कारात मीही वाढलोय. पण पान उलटलं तर पुढे माझ्या रंगीत रकान्यांवर लाल पेनाची तिरकी रेघ आणि खाली शेरा : 'तारण अपुरे. नामंजूर.' त्याखाली सही. सहीखाली तारीख.

गृहस्थ म्हणजे मित्राचे वडील. नातवासाठी रत्नागिरीहून कॅनडातल्या मिसिसागाला आलेले, बर्फामुळे घरात अडकलेले, आणि उभी हयात बँकेत पीककर्जाची प्रकरणं तपासण्यात गेलेली. आम्ही चौघं दरवर्षी खेळाडूंच्या देवघेवीच्या डेडलाइनच्या आठवड्यात मित्राच्या तळघरात बसून आमच्या आइस हॉकी संघाने, टोरंटो मेपल लीफ्सनी, कुणाला घ्यावं नि कुणाला सोडावं याचा कीस पाडतो. लीफ्सनी आमचं कधी ऐकलेलं नाही. 1967 नंतर त्यांनी स्टॅनली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपदही जिंकलेलं नाही. ज्याने त्याने काय ते समजावं.

काकांची हॉकी म्हणजे खडकीच्या धनराज पिल्लेची. बर्फावर चालतं त्याला ते 'तुमचं घसरणं' म्हणतात. तरी जिन्यावरून चहाचे कप खाली आणताना त्यांच्या कानावर एक शब्द पडला आणि ते तिसऱ्या पायरीवर थबकले.

"पीक? कसलं पीक?"

"पीक नाही काका, पिक. दर उन्हाळ्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची निवड होते. 7 फेऱ्या, 32 संघ, दर फेरीत प्रत्येकाची एक पाळी. त्या पाळीला पिक म्हणतात. ती देऊन तयार खेळाडू घेता येतो."

"म्हणजे पीकच की. पेरणी नाही, पाऊस नाही, आणि पीक गहाण. दाखव बघू कागद."

मी दाखवला. हीच माझी चूक. तक्त्यात नमुना म्हणून 7 मार्च 2025 चे लीफ्सचे दोन सौदे होते. फिलाडेल्फियाकडून स्कॉट लॉटन : दिला 2027 चा पहिल्या फेरीचा पिक आणि निकिता ग्रेबेन्किन हा तरुण खेळाडू. बॉस्टनकडून ब्रँडन कार्लो : दिला 2026 चा पहिल्या फेरीचा पिक, फ्रेझर मिंटन आणि वर एक चौथ्या फेरीचा. एक तिसऱ्या फळीचा सेंटर, दुसरा उजव्या हाताने खेळणारा बचावपटू. उजव्या हाताचे बचावपटू मुळात कमी, म्हणून त्यांचा भाव कायम चढा.

"एका दिवसात दोन सालांची पिकं उचलली," काका म्हणाले. "आणेवारी किती धरलीस?"

इथे मला वाटलं, आता दाखवतो यांना. म्हटलं, जिंकणाऱ्या संघाची पाळी फेरीच्या शेवटी येते, पंचविसाव्यानंतर वगैरे. म्हणजे नाव पहिल्या फेरीचं, माल जवळपास दुसऱ्या फेरीचा. देणाऱ्याचं फारसं काही जात नाही.

"आणि त्या साली संघ बुडाला तर?"

"तर पिक वर येतो."

"म्हणजे तुमच्याकडे दुष्काळ पडला की सावकाराच्या घरी जास्त पिकतं!" काकांनी चष्मा काढून धोतराच्या काळातला रुमाल काढला आणि काचा पुसल्या. "चाळीस वर्षं प्रकरणं तपासली. असा कागद एकाही शेतकऱ्याने केला नाही. अडाणी होते बिचारे."

"नाही, त्याला कलम असतं. 2026 चा पिक पहिल्या पाचात आला तर आमच्याकडेच राहतो."

"आणि सहावा आला तर?"

"तर जातो."

काकांनी चष्मा पुन्हा चढवला, कार्लोच्या रकान्यापाशी लाल टिंब दिलं आणि चहा निवतोय म्हणाले.

आता डेडलाइनची गंमत अशी की ती शुक्रवारी दुपारी 3 ला संपते आणि संपतही नाही. दोन्ही संघ लीगच्या नोंदणी कक्षाला सौदा कळवतात, तिथे कागद तपासले जातात, मगच सौदा पक्का. तीनच्या आत रांगेत लागलेला सौदा धरला जातो, त्यामुळे साडेतीनपर्यंत बातम्या ठिबकत राहतात. तीननंतर सौदे करायला बंदी नाही, पण घेतलेला माणूस त्या मोसमात खेळवता येत नाही. म्हणजे घोडं विकत घ्या आणि मुंजीला पायी जा. सकाळी आठपासून टीव्हीवर सहा जण कोट घालून बसलेले असतात आणि साडेबारापर्यंत कुठल्यातरी चौथ्या फळीतल्या पोराच्या बदल्यात सातव्या फेरीचा पिक, यापलीकडे काही घडत नाही. पंजाब्यांनी 2008 पासून हॉकीची पंजाबी कॉमेंट्री चालवली, तिथे निदान ओरडण्यात जोर असतो. मराठीत असती तर आपण पहिल्या मध्यंतरातच पंचांवर अग्रलेख लिहिला असता.

असो. काकांना एकच गोष्ट मनापासून आवडली : कॅपचा हिशोब. कॅप म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा. 2025-26 मध्ये ती 9 कोटी 55 लाख डॉलर, पण पगार मोजतात दिवसागणिक. मोसम साधारण 190 दिवसांचा. सुरुवातीपासून 10 लाखांची जागा रोज मोकळी ठेवली, तर मार्चमध्ये 42 दिवस उरले असताना 10 लाख गुणिले 190 भागिले 42, म्हणजे जवळपास 45 लाख वार्षिक पगाराचा माणूस बसतो. ऑक्टोबरात उधळपट्टी केली की मार्चमध्ये हात रिकामे. आणि दीर्घ दुखापतीच्या सवलतीवर जगणाऱ्या संघाला ही बचत साठवताच येत नाही.

"दैनिक शिल्लक!" काका खुलले. "हे कुणीतरी बँकेतल्या माणसाने केलेलं आहे."

दुखापतीच्या सवलतीवर मात्र त्यांची माझी जुंपली. निकिता कुचेरॉव 2021 चा सगळा साखळी मोसम शस्त्रक्रियेपायी बाहेर होता. त्याचा पगार कॅपबाहेर गेला, त्याच्या टॅम्पा संघाने त्या जागेत माणसं ठेवली, तो साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या दिवशी हजर झाला आणि मर्यादेपेक्षा पावणेदोन-दोन कोटी डॉलर जास्तीच्या संघाने कप उचलला. सगळं नियमात. प्लेऑफला कॅपच नव्हती.

"आमच्या शाखेत एक होता असा. ऑडिटभर आजारी, आणि गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम घेऊन पुढे."

आता 2025-26 पासून प्लेऑफमध्येही बर्फावर उतरणाऱ्या 20 जणांचा पगार मोजतात, असं मी सांगितलं. काका म्हणाले, नियम नेहमी लेझीम संपल्यावर येतो.

मग दलाली. खेळाडू विकणारा संघ त्याचा निम्म्यापर्यंत पगार स्वतःकडे ठेवून घेऊ शकतो. 2023 च्या फेब्रुवारीत लीफ्सनी सेंट लुईसच्या रायन ओ'रायलीला आणलं. पगार 75 लाख. निम्मा सेंट लुईसने ठेवला, उरलेल्यातला निम्मा मध्ये नुसता कागदोपत्री आलेल्या मिनेसोटाने. टोरंटोच्या कॅपवर आले 18 लाख 75 हजार. मिनेसोटाला त्या बदल्यात चौथ्या फेरीचा पिक. तो माणूस मिनेसोटासाठी एक मिनिटही खेळला नाही. जुलैत तो नॅशव्हिलला गेला. आता एकाच खेळाडूचा पगार असा दोनदा ठेवून घ्यायचा तर मध्ये 75 दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे ऐन डेडलाइनला तिसरा गडी उभा करण्याची ही वाट बंद झाली.

"नवं-जुनं," काका म्हणाले. "दुसरं काय. एका खात्यातून काढायचं, दुसऱ्यात दाखवायचं. आणि तू याच्यापुढे बरोबरची खूण केली आहेस."

मी तक्ता ओढून घ्यायला गेलो. त्यांनी तो मांडीखाली धरला. "थांब रे. मला एवढंच सांग, हे सगळे मार्चमध्येच का घेतात?"

म्हटलं, प्लेऑफ एप्रिलमध्ये सुरू होतात म्हणून.

"आणि हेच गडी नंतर मिळतात?"

करार संपणारे 1 जुलैला मिळतात. नुसत्या पगारावर. पिक द्यावा लागत नाही.

काका इतके हसले की वरून बाळ उठलं. "अरे, हे तर मार्चमधल्या हापूसचं गिऱ्हाईक! वाशीला पहिली पेटी लागते तेव्हा तिचा भाव आंब्याचा नसतो, गिऱ्हाइकाचा असतो. आम्ही बागवाले वर्षभर त्याचीच वाट बघतो."

इथपर्यंत मी ऐकून घेतलं. पुढचं त्यांनी विचारायला नको होतं. "त्याच दिवशी बॉस्टनने आणखी काय विकलं?"

ब्रॅड मार्शंड. फ्लोरिडाला. दुसऱ्या फेरीच्या पिकवर, पण अट अशी की फ्लोरिडाने प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकल्या आणि मार्शंड निम्मे सामने खेळला, तर तो पहिल्या फेरीचा होईल. दुसऱ्या फेरीत फ्लोरिडासमोर कोण होतं? आम्ही. 2-0 सामन्यांनी पुढे. तिसऱ्या सामन्यात जादा वेळेत विजयी गोल कुणी केला? मार्शंडने. सातव्या सामन्यात घरच्या मैदानावर 6-1 ने हरलो. हाच मनुष्य बॉस्टनच्या कपड्यांत 2013, 2018, 2019, 2024 असा चार वेळा सातव्या सामन्यात आम्हाला घरी बसवून गेला होता.

"म्हणजे तुम्ही हरलात," काका बोटं मोजत म्हणाले, "आणि तुमच्या हरण्याने बॉस्टनचं पीक दुसऱ्या फेरीचं पहिल्या फेरीत गेलं. वर कार्लोपायी तुमचंही त्यांच्याच कोठारात." आणि त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. गडी किती गोल करतो, किती मिनिटं खेळतो, कुणाची जागा घेतो, सगळं होतं. विकणारा त्याच दुपारी आणखी कुणाला काय विकतोय, हे नव्हतं. ते पगारी माणसांनी बघायला हवं होतं. आम्ही तिकिटं काढायची, जर्सी घ्यायची, वसंतात तोंड लपवायचं, आणि हिशोबही आम्हीच ठेवायचा?

आणि शुक्रवारी अडीच वाजता, फोनवर जरा कुठे हालचाल दिसायला लागली तेव्हा, तो कागद माझ्या हातात देऊन काका म्हणाले, "जा, बाळाची आई खोळंबलीय. मेथी कोवळी बघून आण."

तीनच्या आत परतायचं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात शिरलो, हाताला आलं ते टोपलीत टाकलं आणि तीनला चार मिनिटं असताना दारात होतो. इथल्या चार लिटर दुधाच्या पिशवीत तीन छोट्या पिशव्या निघतात. काकांनी त्या मोजून फ्रीजमध्ये लावल्या. मग मेथीची एक काडी मोडून पाहिली, दुसरी पाहिली आणि हात पुढे केला.

"पावती."

दिली.

"पुढच्या चौकात या पैशात तीन जुड्या मिळतात," ते म्हणाले, आणि खिशातलं पेन शोधू लागले.