मालकांचं उत्तर: ‘तीन आठवडे झाले, पैठण्या गुगलवर दिसत नाहीत’

नमस्कार भाऊ,

पैसे घेतले, तीन आठवडे झाले, पैठण्या अजून गुगलवर नाहीत, म्हणजे कामच केलं नाही, असं तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय. तुम्हाला मनस्ताप झाला, फोनसाठी ताटकळावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. पण ‘कामच केलं नाही’ हे मान्य नाही. पैठणपासून जालन्यापर्यंतचे दुकानदार हे रिव्ह्यू वाचूनच आमच्याकडे यायचं की नाही ते ठरवतात, म्हणून इथंच सांगतो.

तुमच्या साड्यांच्या दुकानाची वेबसाईट आमच्याकडे कामाला आली तेव्हा कुठलंही पान उघडून कंट्रोल-यू दाबलं, की सोर्समध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, दुकानाचं नाव आणि एक रिकामा डिव, म्हणजे रिकामी चौकट. बस. साडी, काठ, किंमत हे सगळं मागाहून जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, आणायची. गुगल जावास्क्रिप्ट चालवतं, पण आधी नुसतं पान नेतं; रेंडरिंग, म्हणजे कोड चालवून पूर्ण पान बघणं, नंतर, रांगेत नंबर लागेल तेव्हा. व्हॉट्सॲपचा प्रिव्ह्यू तर ती चालवतच नाही, म्हणून तुमच्या लिंकसोबत साडीचा फोटो यायचा नाही. आता प्रत्येक पान सर्व्हरवरूनच भरून निघतं. ‘बांगडी मोर’चं पान उघडा, कंट्रोल-यू दाबा, नाव आणि किंमत तिथंच सापडेल. पत्त्यातला हॅशच्या (#) पुढचा भाग गुगल वेगळं पान धरत नाही, त्यामुळं सगळ्या साड्या एकाच पानात जमा होत होत्या. प्रत्येकीला स्वतंत्र पत्ता दिला. ‘आणखी दाखवा’ हे बटण होतं आणि गुगल बटणं दाबत नाही; तिथं पान 2, पान 3 अशा एचरेफच्या, म्हणजे कोडमध्येच पत्ता लिहिलेल्या, खऱ्या लिंक टाकल्या. विकल्या गेलेल्या साडीचं पान ‘सापडली नाही’ म्हणत 200 कोड, म्हणजे ‘पान ठीक आहे’, द्यायचं, ते 404, म्हणजे ‘पान नाही’, केलं.

आता त्या तीन आठवड्यांचं. आम्ही सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साईटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात, साईटमॅप (सगळ्या पानांची यादी) दिल्यावर तुमच्या ओळखीच्या पोरानं, सर्व्हर हळू चालतो म्हणून, रोबोट्स फाईलमध्ये, म्हणजे गुगलनं काय वाचू नये ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, साड्यांच्या फोल्डरवर डिसअलाऊ (मनाई) टाकलं. आम्हाला विचारलं नाही. ही ओळ असली की गुगल ती पानं उघडतच नाही, आत कितीही भरून ठेवा. या अडवणुकीबद्दल सर्च कन्सोलमध्ये आलेल्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट तुम्हाला तेव्हाच पाठवला होता. ओळ आम्ही काढली, त्याचा एक रुपया लावला नाही. पण गुगल जुनी रोबोट्स फाईल साधारण 24 तासांपर्यंत धरून चालतं, आणि पानं पुन्हा वाचायला काही दिवस ते काही आठवडे घेतं. सर्च कन्सोलमधलं ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ (पान यादीत घ्या ही विनंती) रोज दाबल्यानं ते लवकर होत नाही. हा वेळ आमच्या नावावर टाकलात, याचं फार वाईट वाटलं.

पुढं काम घेतानाच वेळेचा अंदाज लिहून देऊ, फोनचंही बघतो. रोबोट्स फाईलला हात लावायच्या आधी तेवढं कळवत चला. आणि साड्या दिसायला लागल्या की या स्टारचा एकदा विचार करा, ही विनंती.