बिंद्राचं गोल्ड आणि डोक्याला लावायचा पट्टा

पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज ह्या आठवड्यात तिसऱ्यांदा आलाय. माझी मुलगी बालेवाडीला एअर रायफल करते, म्हणून मी त्या ग्रुपवर, नाहीतर मी कशाला ह्यात पडले असते. मेसेजचा सारांश असा: अभिनव बिंद्राने 2008 ला बीजिंगला गोल्ड मारलं ते न्यूरोफीडबॅकमुळे (म्हणजे मेंदूच्या लहरी स्क्रीनवर बघत त्या बदलायला शिकणं), डोक्याला सेन्सरचा पट्टा लावून 20 सेशन केले की मेंदू अल्फात जातो आणि झोन, म्हणजे एकदम एकाग्र अवस्था, लागतो, सायन्सने सिद्ध आहे, साईड इफेक्ट शून्य, आणि घरी बसून होतं त्यामुळे रेंजचे तास कमी केले तरी चालतं. खाली फोन नंबर. दोघातिघांनी पैसे भरलेत असं कळलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

"बिंद्राने ह्याच्यावरच गोल्ड मारलं." न्यूरोफीडबॅक त्याने केलं होतं, तो स्वतःच सांगतो, त्यात वाद नाही. पण एकाग्रता वाढते म्हणून त्याच माणसाने याकचं दूधही प्यायलंय, आणि भीती घालवायला जर्मनीत कमांडो ट्रेनिंगच्या 40 फुटी खांबावर चढलाय. ह्यातल्या नेमक्या कशाने गोल्ड आलं हे त्यालाही वेगळं काढून सांगता येणार नाही, मग याकच्या दुधाचे मेसेज का येत नाहीत? कारण त्याची एजन्सी कुणी घेतलेली नाही, दुसरं काय.

आणि त्याच्याच गोष्टीतला खरा भाग मेसेजवाल्याने सरळ गाळलाय. 2004 ला अथेन्सच्या फायनलमध्ये तो सातवा आला, नंतर कळलं की त्याच्या पायाखालची फरशीच सुटी होती. तर ह्या माणसाने काय करावं, घरच्या रेंजवर मुद्दाम डुगडुगणारी फरशी बसवून तिच्यावर उभं राहून सराव केला. बीजिंगचा हॉल भला मोठा, म्हणून आधी चंदीगडला लग्नाचा हॉल भाड्याने घेतला, आपल्या भाषेत मंगल कार्यालय, आणि तिथे तसा लाईट करून गोळ्या मारल्या. पुढे बीजिंगला फायनलच्या आधी साईटर्स, म्हणजे न मोजले जाणारे सरावाचे शॉट, मारताना लक्षात आलं की रायफलची साईट (नेम धरायचा भाग) हललीये, हातात मिनिटं मोजकी, तेवढ्यात ती जुळवली आणि पुढच्या 10 शॉटमध्ये 104.5 मारले. शेवटच्या शॉटआधी फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होता, त्याचा 9.7 पडला, ह्याचा 10.8. त्याने एकाग्रता कमावली ती गडबडीच्या जागा स्वतः तयार करून त्यात उभं राहून, आणि मेसेज सांगतो एसी खोलीत खुर्चीवर बसा!

"अल्फा वाढला की झोन लागतो." अल्फा म्हणजे सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा होणारी लहर, नुसते डोळे मिटले तरी वाढते, हान्स बर्गरने 1929 लाच लिहून ठेवलंय, मग काय दुपारी झोपाळ्यावर बसलेले आजोबा झोनमध्ये? चांगल्या नेमबाजांमध्ये ट्रिगर दाबायच्या आधीच्या काही सेकंदांत मेंदूच्या डाव्या बाजूचा अल्फा वाढतो हे 1980 च्या दशकात दिसलं होतं, ते खरंय. पण ते हजारो शॉट मारून आलेलं असतं. पळाल्यावर घाम येतो म्हणून उन्हात बसून घाम काढला तर पळणं होत नाही ना.

पट्ट्याबद्दल पण बोलू. तो असतो कपाळावर. खेळाडूंसाठी ज्या लहरीवर जास्त काम झालंय ती 12 ते 15 हर्ट्झची (सेकंदाला तेवढ्या वेळा होणारी), ती पकडायला इलेक्ट्रोड डोक्याच्या मध्यावर, केसांतून, जेल लावून बसवावे लागतात. कपाळावर मिळतं काय तर पापण्यांची उघडझाप आणि भुवयांचे स्नायू, आणि त्यांचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी जोरात. म्हणजे लहर बरोबर आली की स्क्रीनवर जे विमान उडतं, ते पोरगं उडवायला शिकतं ते बहुतेक कपाळ सैल सोडून. 1970 च्या दशकात कॅनडातल्या एका न्यूरोलॉजिस्टने हॉस्पिटलमध्ये चक्क जेलीला ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजायचं मशीन, लावला होता आणि आजूबाजूच्या मशीनमुळे तिथेही लहरी उमटल्या. जेली, म्हणजे खायची!

"सायन्सने सिद्ध." थोडंफार आहे, नाही असं नाही. तैवानमध्ये गोल्फरांवर 2015 ला झालेल्या अभ्यासात पटिंग (चेंडू हळूच भोकात ढकलणं) सुधारलं होतं. पण असे बरेच अभ्यास मूठभर खेळाडूंवरचे, आणि खरी मेख वेगळीच आहे. झोप न लागणाऱ्यांवर आणि एडीएचडीच्या (लक्ष न टिकणाऱ्या, चंचल) मुलांवर नीट चाचण्या झाल्या, ज्यात काहींना खोटा फीडबॅक दिला आणि कुणाला खरा, कुणाला खोटा हे त्यांना कळू दिलं नाही, तर खोटावाल्यांनाही तेवढंच बरं वाटलं. मशीन, वायरी, समोर कोणीतरी आपुलकीने बोलणारं, एवढ्यानेही फरक पडतोच की.

"साईड इफेक्ट शून्य." हे मात्र मला खटकतं. 1991 चा एक अमेरिकन अभ्यास आहे, 24 तिरंदाजांवरचा. एका गटाला मेंदूच्या बरोबर बाजूचा फीडबॅक दिला, त्यांची नेमबाजी सुधारली, दुसऱ्या गटाला उलट्या बाजूचा दिला, त्यांची बिघडली. म्हणजे ह्याचा परिणाम होतो असं मानलं तर चुकीच्या हातात वाईटही होणार, आणि होतच नसेल तर पैसे कशाचे? दोन्हीकडून बोलू नका.

रेंजचे तास कमी करायची गोष्ट तर सोडूनच द्या. 2013 पासून फायनल शून्यापासून सुरू होते, आधीच्या क्वालिफिकेशन फेरीचे मार्क पुसले जातात, मागे पब्लिक ओरडत असतं. आपला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला ऑलिंपिकच्या क्वालिफिकेशनमध्ये सातवा होता आणि फायनलला ब्राँझ घेऊन आला. तिथे टिकायचं तर तसल्या गोंधळाची सवय पाहिजे, आणि ती रेंजवरच लागते.

आमच्या सरांचा ह्यावर उपाय म्हणजे एक जुना ब्लूटूथ स्पीकर आणि आम्ही पालक. रविवारी मॉक फायनल आहे, 8 पोरं. मागे उभं राहून आवाज करायला माणसं कमी पडतायत, सकाळी साडेआठला या, आणि घरी शिट्टी असेल तर घेऊन या.