सुट्टी वेगळी, सण वेगळा: 'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यात घोळत होती, म्हणून चार ओळींत आभार मानून मोकळी होत नाही. ब्रिटनमधल्या वर्षभराच्या सुट्ट्या आणि सणांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. नव्या वाचकांसाठी त्या आधी मांडते. एक, 'ब्रिटनमध्ये वर्षाला आठ सुट्ट्या' हे माझं वाक्य चूक आहे. दोन, या लोकांना सण नाहीतच, बँका बंद ठेवायचे सोमवार तेवढे आहेत. तुमचा भाचा दोन वर्षं मँचेस्टरला शिकतोय आणि ख्रिसमस सोडला तर त्याला एकही सण दिसला नाही. तीन, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या सुट्ट्यांचं कौतुक मराठीत कशाला?

पहिली हरकत पूर्ण मान्य. आठ सुट्ट्या इंग्लंड आणि वेल्सच्या. स्कॉटलंडमध्ये नऊ, उत्तर आयर्लंडमध्ये दहा. स्कॉटलंडला ईस्टर मंडे नाही, पण २ जानेवारी आहे, ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे आहे आणि ऑगस्टची सुट्टी महिन्याच्या शेवटच्या नव्हे तर पहिल्या सोमवारी असते. उत्तर आयर्लंडला १७ मार्च आणि १२ जुलै हे दोन दिवस जास्तीचे. त्यातला १२ जुलै हा दिवस १६९० साली बॉइनच्या लढाईत प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांवर मिळवलेल्या विजयाचा. एका समाजाची विजयाची मिरवणूक शेजारच्या समाजाला आजही बोचते, आणि तरी तो दिवस सरकारी यादीत आहे. मी स्वतः सात वर्षं स्कॉटलंडमधल्या डंडीत काढली आहेत, त्यामुळे ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या हरकतीवर मात्र मी ठाम असहमत आहे. तुम्ही सुट्ट्यांची यादी समोर ठेवलीत आणि तिच्यात सण शोधलेत. आपल्याकडे ही रीत चालून जाते, कारण गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळी सगळे सरकारी यादीत सापडतात. ब्रिटनमध्ये यादी एकीकडे आणि सण दुसरीकडे, असं दोन-तीनशे वर्षांत होत गेलं आहे. ते कसं झालं हे मी मूळ लेखात सांगितलं नव्हतं. ती उणीव माझी.

ब्रिटनमध्ये सरकारी सुट्टीला 'बँक हॉलिडे' म्हणतात; त्यातल्या 'बँक' या शब्दापासूनच सुरू करते. पूर्वी बँक ऑफ इंग्लंड वर्षाला तीसहून जास्त दिवस संतांच्या सणांना बंद असे. १८३४ मध्ये ते दिवस चारवर आणले: गुड फ्रायडे, १ मे, १ नोव्हेंबर आणि ख्रिसमस. कारखान्यांची गत त्याहून वाईट. १८३३ च्या कारखाना कायद्याने मुलांना ख्रिसमस, गुड फ्रायडे आणि वर्षातून आठ अर्धे दिवस मिळाले, आणि तेसुद्धा कायदा करून द्यावे लागले. अशा काळात सर जॉन लबक हा पेढीवाल्या घरातला खासदार पुढे आला. डार्विनचा शेजारी, मुंग्या-मधमाश्यांचा अभ्यासक. अश्मयुगाचे 'पुराणाश्म' आणि 'नवाश्म' असे दोन भाग करणारे इंग्रजी शब्दही त्याचेच. त्याने बरोबर ओळखलं की अडचण हुंडीची, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे चुकते करायच्या व्यापारी चिठ्ठीची आहे. हुंडीची मुदत ज्या दिवशी भरते त्या दिवशी पैसे चुकते झाले नाहीत तर हुंडी नाकारली गेली असं धरतात. म्हणजे बँक आपल्या मर्जीने दार लावू शकत नाही. म्हणून १८७१ च्या कायद्यात त्याने लिहिलं की या ठरावीक दिवशी मुदत भरणारी हुंडी दुसऱ्या दिवशी चुकती केली तरी चालेल. बँक बंद म्हटल्यावर व्यापार थंडावला, आणि हळूहळू दुकानं नि कचेऱ्याही बंद राहू लागल्या. 'बँक हॉलिडे' हे रूक्ष नाव तिथून आलं. ज्याला वर्षाकाठी जेमतेम दोन दिवस विसावा मिळत होता त्याला या नावाचं काही वाटलं नाही. लोक ऑगस्टच्या त्या सोमवाराला कौतुकाने 'सेंट लबक'चा दिवस म्हणायला लागले. हयात माणसाला संतांच्या पंगतीला बसवण्याइतका त्यांना आनंद झाला होता.

लबकने इंग्लंडसाठी निवडलेल्या चार दिवसांपैकी तीन सणांना लागून आलेले होते: ईस्टरचा सोमवार, व्हिटचा (म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिट्सन या ख्रिस्ती सणाचा) सोमवार आणि २६ डिसेंबर. २६ डिसेंबर म्हणजे बॉक्सिंग डे. त्यात मुष्टियुद्ध नाही. घरच्या गड्यामाणसांना, टपालवाल्याला, दुकानातल्या पोऱ्याला वर्षाची खुशाली द्यायची तो हा दिवस. आपल्या दिवाळीच्या पोस्तीसारखाच. चौथा, ऑगस्टचा सोमवार, मात्र निव्वळ सुट्टी होती. तिथे तुमचं म्हणणं लागू पडतं, निदान सुरुवातीला. पण रिकाम्या घरात कुणी ना कुणी राहायला येतंच. १९५८ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात काळ्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर १९५९ च्या जानेवारीत क्लॉडिया जोन्स या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार बाईंनी सेंट पँक्रसच्या टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. १९६६ पासून तो नॉटिंग हिलच्या रस्त्यांवर आला आणि पुढे याच ऑगस्टच्या सोमवाराला येऊन चिकटला. ज्यांना त्या वस्तीतून हुसकायला बघत होते त्यांनीच तिथल्या कोऱ्या सुट्टीला सण दिला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता उलट बाजू पाहा. सुट्टी दिली, सण काढून घेतला, असंही या देशात एकदा झालं आहे. जून १६४७ मध्ये प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांच्या पार्लमेंटने ख्रिसमस, ईस्टर आणि व्हिट्सन हे सण रद्द केले. आणि त्यांच्या बदल्यात काय दिलं? दर महिन्याचा दुसरा मंगळवार! शिकाऊ कामगार, नोकर, विद्यार्थी यांना करमणुकीसाठी. तुमच्या म्हणण्याप्रमाणे लोकांना सणांशी देणंघेणं नसतं तर हा सौदा फायद्याचाच होता. पण त्याच वर्षी ख्रिसमसला कँटरबरीत नगराध्यक्षांनी दुकानं उघडायला लावली, तर लोकांनी उघडलेली दुकानं उधळली, दारांवर हॉलीच्या हिरव्या डहाळ्या लावल्या आणि भररस्त्यात फुटबॉल खेळायला घेतला. मारामाऱ्या झाल्या, प्रकरण बंडापर्यंत गेलं. महिन्याची सुट्टी हातात असताना माणसं एका दिवसासाठी डोकी फोडून घेतात, ती त्या दिवसात त्यांचं काहीतरी गुंतलेलं असतं म्हणूनच ना? १६६० मध्ये राजेशाही परतली आणि सणही परतले.

स्कॉटलंडमध्ये ते इतक्या सहज परतले नाहीत. तिथे १६४० मध्येच ख्रिसमसची सुट्टी काढून टाकली होती, आणि २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टीचा दिवस व्हायला १९५८ उजाडावं लागलं. म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेक स्कॉटिश माणसांचे वडील ख्रिसमसला कामावर जात होते. सणाची सगळी हौस मग ३१ डिसेंबरच्या रात्रीत, हॉगमनेत उतरली. बाराचे ठोके पडल्यावर उंबरठा ओलांडणारा पहिला माणूस घराचं वर्ष ठरवतो अशी तिथे श्रद्धा आहे. आपण पायगुण म्हणतो तो शब्दशः हाच. तो पुरुष असावा, उंच असावा, केस काळे असावेत, आणि हातात कोळसा, शॉर्टब्रेडची बिस्किटं, व्हिस्की असं काहीतरी असावं. माझे यजमान सहा फूट उंच, केस काळेभोर. डंडीतल्या पहिल्याच डिसेंबरात शेजारच्या आजींनी दार वाजवून विचारलं, रात्री बाराला आमच्याकडे पहिलं पाऊल तुम्ही टाकाल का? कोळशाचा तुकडा त्यांनीच आणून दिला होता. एरवी आमच्या रंगावरून काय काय ऐकून घेतलेलं होतं. त्या रात्री आमच्या गल्लीतल्या चार घरांना आमचा पायगुण हवा होता. या समाजाला भाव नाही, असं मी यानंतर कसं म्हणू?

आता तुमच्या भाच्याच्या मँचेस्टरकडे येते. त्याला सण दिसला नाही याचं मला नवल वाटत नाही, कारण तो ज्या दिवशी कॉलेज बंद असतं त्या दिवशी शोधत असणार.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी व्हिट्सनचा रविवार येतो. पूर्वी त्याचा सोमवार सुट्टीचा होता. पण ईस्टर चंद्रावर चालतो, त्यामुळे हा सोमवार कधी मेच्या मध्यावर तर कधी जूनच्या मध्यावर येई. शाळा आणि कारखान्यांना आखणी जमेना. १९७१ च्या कायद्याने तो बाजूला केला आणि मेचा शेवटचा सोमवार कायमचा नेमून दिला. २०२५ साली व्हिटचा सोमवार ९ जूनला, तर सुट्टी २६ मेला. २०२६ साली दोन्ही २५ मेला, निव्वळ योगायोगाने. सुट्टी सणापासून कशी तोडली गेली हे याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही.

पण सण मेला नाही. मी आता मँचेस्टरच्या बाजूला ओल्डहॅमजवळ राहते. हा सगळा पट्टा जुन्या कापूस गिरण्यांचा. व्हिटनंतरच्या शुक्रवारी सकाळी चर्चची माणसं निशाणं घेऊन गावातून चालत जातात, पुढे पांढऱ्या कपड्यांतल्या लहान मुली. आणि संध्याकाळी सॅडलवर्थच्या डोंगरातली गावं बँडपथकांनी भरून जातात. पितळी वाद्यांची पथकं बसमधून एका गावात उतरतात, रस्त्याने वाजवत जातात, मैदानात स्पर्धेची धून वाजवतात, पुन्हा बसमध्ये बसून पुढच्या गावाला. एका संध्याकाळी जमतील तितकी गावं. परीक्षक पडदे लावलेल्या गाडीत किंवा माडीवरच्या बंद खोलीत बसतो. कोणतं पथक वाजवतंय ते त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. नावाजलेल्या पथकामागून शाळकरी पोरांचं पथक उभं राहतं आणि दोघांना एकच कान. रात्री उशिरापर्यंत दरीतून वेगवेगळ्या गावांचे सूर एकमेकांत मिसळत येतात. पहिल्या वर्षी मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले होते. दुसऱ्या दिवशी सरकारी यादी पाहिली, त्या शुक्रवाराचा तिथे उल्लेखही नव्हता.

असे कितीतरी. दक्षिण इंग्लंडमधल्या लुइस गावात ५ नोव्हेंबरला मशालींच्या मिरवणुका निघतात त्या फक्त १६०५ मध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा कट फसला त्यासाठी नाहीत. १५५५ ते १५५७ या काळात त्या गावात जिवंत जाळलेल्या १७ प्रॉटेस्टंटांसाठीही आहेत. सुट्टी नाही. शेटलंड बेटांवर लर्विकला जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी रात्री लाकडी जहाज बांधून जाळतात, तेही यादीत नाही. वेल्सच्या ग्वान खोऱ्यात लोक १३ जानेवारीला नवीन वर्ष साजरं करतात, कारण १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले ते त्यांनी अजून मानलेले नाहीत. आपल्या लोकांचंही तेच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. गणपती कामाच्या दिवशी येतात, कुणी रजा टाकतं, कुणी आरतीला संध्याकाळी धावत पोचतं. सुट्टी नाही म्हणून त्यांचा गणेशोत्सव खोटा ठरतो का?

राहिली तिसरी हरकत. मराठीत कशाला? कारण ही गोष्ट आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातही आहे. महाराष्ट्र शासन दरवर्षी सुट्ट्यांची अधिसूचना काढतं ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली. हा कायदा हुंड्या-धनादेशांचा आहे. म्हणजे आपला पाडवा आणि आपली दिवाळी सरकारदरबारी हुंडीच्याच दारातून आत येतात. फरक इतकाच की लबकच्या कायद्यात हुंडी सुट्टीनंतरच्या दिवशी देय होते, आपल्याकडे आधीच्या कामाच्या दिवशी. आणि ओल्डहॅमच्या गिरणीत जो प्रश्न होता तोच मुंबईच्या गिरणीत होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, सहा-सात वर्षं लढा दिला, १८९० मध्ये मालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांच्या मागणीतला एक मुद्दा होता असं सांगितलं जातं. मी साहेबाचं कौतुक केलेलं नाही. ज्यांना साहेब आपल्याच देशात सुट्टी देत नव्हता त्यांच्याबद्दल लिहिलं आहे.

भाच्याला माझा निरोप द्या. ईस्टरच्या रविवारात ५४ दिवस मिळवले की बँडपथकांचा तो शुक्रवार येतो. मँचेस्टरहून हडर्सफिल्डच्या बाजूला जाणारी गाडी धरून ग्रीनफिल्डला उतरायचं, तिथून सॅडलवर्थमधलं अपरमिल गाव चालत जाण्यासारखं आहे. गर्दीमुळे रस्ते तुंबतात, म्हणून दुपारीच पोचावं, आणि सोबत स्वेटर ठेवावा; जूनमध्येही त्या डोंगरात रात्री थंडी वाजते.