हेन्री टर्नर यांची खुर्ची आणि आपली जाडजूड घटना

महाराष्ट्रातल्या मित्रांशी बोलताना हल्ली एक तक्रार वारंवार कानावर येते. आपली राज्यघटना फार जाडजूड आहे, तिच्यात कारभाराचे नको तितके बारकावे भरले आहेत. अमेरिकेची घटना पाहा, खिशात मावते. मीही पूर्वी असेच म्हणत असे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात राहायला आल्यावर हेन्री मॅकनील टर्नर या आमदाराची हकिकत वाचली आणि माझे मत डळमळले.

टर्नर यांचा जन्म 1834 मध्ये साउथ कॅरोलायनात, गुलामीत नसलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. ते धर्मोपदेशक झाले, आणि यादवी युद्धात, 1863 मध्ये, केंद्राच्या सैन्यातील एका कृष्णवर्णीय पलटणीचे धर्मगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली. युद्धानंतर ते जॉर्जियात आले, राज्याची नवी घटना लिहिणाऱ्या परिषदेत बसले आणि 1868 मध्ये मेकन शहराच्या बिब काउंटीतून विधानसभेवर निवडून आले.

घोळ त्या नव्या घटनेतच होता. तिने कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क दिला, परंतु मतदाराला पदावरही निवडून येता येईल, असे स्पष्ट सांगणारे कलम मसुद्यातून वगळले गेले. कृष्णवर्णीय प्रतिनिधींनीही त्यावर फारसे अडून धरले नाही. ज्याला मत देता येते त्याला निवडूनही येता येणार, हे त्यांना लिहून ठेवण्याइतके शंकास्पद वाटले नसावे. याच मौनाचा आधार घेऊन सप्टेंबर 1868 मध्ये विधिमंडळाने आपल्या कृष्णवर्णीय सदस्यांना बाहेर काढले. डेमोक्रॅट तर त्यात होतेच, टर्नर यांच्या स्वतःच्या रिपब्लिकन पक्षातल्या काही गोऱ्या सदस्यांनीही त्यांना साथ दिली. ज्यांचा वर्ण बराच उजळ होता असे चार मिश्रवंशीय सदस्य तेवढे वाचले. रिकाम्या झालेल्या जागा तर पराभूत गोऱ्या उमेदवारांना देण्यात आल्या. मला सर्वांत जास्त बोचते ते हेच, कारण त्यात आमदाराबरोबर त्याचे मतदारही पुसले गेले.

3 सप्टेंबरला सभागृहात केलेल्या भाषणात टर्नर यांनी आपल्या हक्कासाठी कोणापुढे लाचार होऊन हात पसरणार नाही, असे बजावले. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना पद धारण करता येते, असा निवाडा दिला. गंमत अशी की नवी घटना कृष्णवर्णीयांना पदाचा हक्क देत नाही, असा दिलासा गोऱ्या मतदारांना देत प्रचारात फिरलेले माजी गव्हर्नर जोसेफ ब्राउन हेच तेव्हा सरन्यायाधीश होते, आणि निवाड्याच्या बाजूने होते. तरीही काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, राज्य पुन्हा लष्करी देखरेखीखाली आणल्यावरच, 1870 मध्ये, टर्नर आणि त्यांचे सहकारी सभागृहात परतले. एवढे झाल्यावर टर्नर यांचा या देशावरचा विश्वास उडाला, यात नवल नाही. पुढे बिशप झालेले टर्नर आपल्या लोकांनी आफ्रिकेत जावे, असे सांगत राहिले. 1915 मध्ये त्यांचे निधन झाले ते कॅनडात.

त्या वर्षी बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. टर्नर यांच्याविषयी त्यांनी वाचले होते, असे मी म्हणत नाही. परंतु 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांच्यासमोर नेमका हाच आक्षेप होता, की कारभाराचे तपशील घटनेत कशाला? त्यांचे उत्तर असे होते, की संवैधानिक नीती, म्हणजे घटनेच्या चौकटीविषयीचा आदर, समाजात आपोआप उगवत नाही, ती रुजवावी लागते, आणि ती रुजलेली नसताना कारभाराची चौकट ठरवण्याचे काम विधिमंडळावर न सोडणेच शहाणपणाचे आहे. जॉर्जियाचा अनुभव समोर ठेवून हे वाचले, की त्यातला वकिली काटेकोरपणा कोरडा वाटत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे अमेरिकेच्या घटनेत 1870 मध्ये लिहिले गेले. तरी जॉर्जियाने साक्षरतेसारख्या अटी लावून ते कलम निकामी केले, आणि 1907 नंतर थेट 1963 पर्यंत तिथल्या विधिमंडळात एकही कृष्णवर्णीय सदस्य बसला नाही. त्यामुळे लिहिलेले पुरेसे असते, असा दावा मी करणार नाही. पण मित्र पुन्हा खिशातल्या घटनेचे कौतुक करू लागला, की मी त्याला एवढेच विचारतो, की आपल्या घटनेतली कोणती पाने फाडायची ते सांग, आणि ती फाटल्यावर सभागृहाबाहेर कोण उभा असेल तेही सांग.