'हर्बल' वजनघटीच्या कॅप्सूलबद्दल खुलासा

दादर-परळच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'हर्बल कॅप्सूल, महिन्यात वजन कमी, साइड इफेक्ट शून्य.' हे खरं नाही. इफेड्रा ही वनस्पतीच. तरी हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे अमेरिकेने २००४ मध्ये इफेड्रायुक्त सप्लिमेंटवर बंदी घातली. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं वजनघटीचं औषध भारतात २०११ मध्ये बंद झालं, पण अशा 'हर्बल' डब्यांत ते लेबलवर न छापता मिसळलेलं तपासण्यांत सापडलंय. गोळीनंतर छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप उडते. लोक म्हणतात 'चरबी जळतेय'. नाही हो, उत्तेजकाने नाडी आणि रक्तदाब वाढतो. बीपीवाल्यांनी तर हातच लावू नये. छातीत दुखलं तर डबा सोबत घेऊन लगेच केईएम रुग्णालय गाठा. तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.