मिरगाच्या आधी ताडपत्री मागणाऱ्यांना चार शब्द

मोठ्या कंपनीत नवीन लागलायत ना, अभिनंदन. पेढे वाटून झाले असतील, आईने ग्रामदेवतेला नारळ दिला असेल. आता एक करा, डोकं वापरायची जी काय सवय असेल ती गेटवरच्या सिक्युरिटीकडे जमा करा आणि टोकन घ्या, रिटायर होताना परत मिळते. माझं टोकन हरवलंय, डुप्लिकेटसाठी अर्ज केलाय, बघू.

मी खेड-चिपळूणच्या मधल्या एमआयडीसीत गेली चौदा वर्षं आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, पगार तिथूनच येतो. प्लँट इथे आणि हेड ऑफिस दिल्लीच्या बाजूला, म्हणजे आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिकडे ७००-८००, त्यामुळे आमचा पावसाळा त्यांना आमच्या स्वभावातला दोष वाटतो. दरवर्षी तेच रडता म्हणे.

तर पहिला सल्ला, ताडपत्री मागू नका. छप्पर गळतंय? गळू दे. आजी मे महिन्यात आगोट भरायची, मीठ, सुकी मासळी, लाकडं, कांदे, नळे परतायला माणूस सांगून ठेवलेला, सगळं मिरगाच्या आधी घरात. तिच्याकडे खरेदी विभाग नव्हता म्हणून जमलं. तुमच्याकडे आहे.

तरीही मागायचीच असेल तर एप्रिलमध्ये मागा, मी मागितली होती. गोदामात कोऱ्या खोक्यांचे गठ्ठे असतात आणि वरचे पत्रे दोन ठिकाणी गळतात. पत्रे बदलणं हे कॅपेक्समध्ये, म्हणजे भांडवली खर्चात जातं, तो शब्द मोठ्याने उच्चारला तरी फायनान्सवाले उठून बसतात, म्हणून म्हटलं ताडपत्री मागू, बाजारात ३८०० रुपयांना मिळते, तीस बाय चाळीस फूट. पोर्टल उघडलं. ताडपत्रीचा मटेरियल कोड नाही. कोड काढायचा तर फॉर्म, फॉर्ममध्ये मोजायचं एकक निवडायचं, आणि नग हा पर्याय आमच्या प्लँटला का कोण जाणे बंद, मग उरलं किलो, लिटर, मीटर. मी आपलं किलो निवडलं. तेव्हापासून कंपनीच्या दप्तरी आमची ताडपत्री बटाट्यासारखी आहे.

मग तीन कोटेशन. मग व्हेंडर रजिस्ट्रेशन. बाजारातला दुकानदार, ज्याच्या बापाकडून माझ्या बापाने इरलं घेतलेलं, त्याच्याकडे मी पॅन, जीएसटी, कॅन्सल्ड चेक, तीन वर्षांचा ताळेबंद, गोपनीयतेचा करार आणि आपण लाच देत नाही असं लिहून दिलेलं पत्र मागितलं. तो चष्मा वर करून बघत राहिला. म्हणाला, भाऊ, ताडपत्री घेताय का सोयरीक जमवताय? तरी बिचाऱ्याने सगळं दिलं, वर चहा पाजला. मी प्यायलो, तेही खरं तर जाहीर करायला हवं होतं.

इथे दुसरा सल्ला, मंजुरी देणाऱ्यांवर रागवू नका. आमच्या प्लँट हेडच्या सहीने कोटीचा माल गेटबाहेर जातो, पण ताडपत्रीला पाच जणांचं ओके लागतं, त्यातला एक रजेवर, एक बदलून गेलेला पण सिस्टिममध्ये अजून जिवंत, आणि तिसऱ्याने विचारलं की गेल्या वर्षीचा खप शून्य दिसतोय, मग यंदा गरज काय? बरोबरच आहे. गेल्या वर्षी मागितली होती ती मंजूर झाली नव्हती, म्हणून खप शून्य, म्हणून यंदाही नको. या युक्तिवादाला भोक नाही हो. भोक फक्त पत्र्याला आहे.

१९५५ साली पार्किन्सन नावाच्या एका इंग्रजाने ब्रिटिश आरमाराचा हिशोब मांडला होता. १९१४ मध्ये मोठी लढाऊ जहाजं ६२, १९२८ मध्ये उरली २०, आणि त्याच काळात कचेरीतले अधिकारी २००० चे झाले ३५६९. लोक हे वाचून हसतात. मला तर धीर येतो, निदान २० जहाजं तरी होती त्यांच्याकडे. आमच्याकडे ताडपत्री शून्य आणि मे महिन्यात सहावा मंजुरीवाला वाढला, का तर पाचांना वेळ लागतोय म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायला.

मधल्या काळात तुम्ही रिमाइंडर पाठवा, पण गोड. "जेंटल रिमाइंडर" असं लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा दात-ओठ खातोय. सीसीमध्ये जितके जास्त तितकं उत्तर कोणी न देण्याची खात्री जास्त, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल. मी एकदा चौदा जणांना ठेवलं होतं. तेराव्याने उत्तर दिलं, मला या मेलमधून काढा.

७ जून आला. गोदामातले काका म्हणाले, साहेब, मिरग काय मेल वाचून येतो काय? आणि रात्री धरला पाऊस. काका नाइटला होते. त्यांनी काय करावं, पहाटे जेवणाच्या सुट्टीत मोटारसायकलवरून घरी गेले, परसात लाकडांवर टाकलेली स्वतःची निळी ताडपत्री ओढून काढली, सुंभाने बांधून आणली आणि गठ्ठ्यांवर टाकली. सकाळी गेलो तर निळ्या ताडपत्रीवर टप टप टप आवाज, एका कोपऱ्यात साचून पोट आलेलं, काका झाडूच्या दांड्याने खालून ढोसून पाणी बाहेर काढतायत, आणि खाली खोकी कोरडी खडखडीत. मला भरून आलं. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. ही माझी चूक.

कारण फोटो सेफ्टीने पाहिला. ताडपत्रीला टॅग नाही. फाइव्ह एस मध्ये, म्हणजे जागा नीटनेटकी ठेवायच्या नियमांत, बसत नाही. मटेरियल आत आलं पण इनवर्ड एंट्री नाही, म्हणजे काकांनी बाहेरची वस्तू विनापरवाना कंपनीत घुसवली. काकांना पत्र मिळालं. बरं, ताडपत्री घेऊन जा म्हणाल तर तेही नाही, जी वस्तू आत आलीच नाही ती बाहेर कशी जाईल, गेट पास कशाच्या आधारे बनवायचा? ताडपत्री काढली, घडी घातली आणि गोदामाच्या कोपऱ्यात "डिस्प्यूटेड" अशी चिठ्ठी लावून ठेवली. खोकी भिजली. तिकडे काकांची लाकडंही भिजली. भिजत घोंगडं म्हणतात ते मी दोन ठिकाणी एकदम पाहिलं.

दोन लाखांची खोकी लगदा झाली, त्याचा आंबूस वास गणपतीपर्यंत जात नव्हता. मग आली मूळ कारण शोधायची मीटिंग. टोयोटावाल्यांची ती पाच वेळा "का" विचारायची पद्धत, चांगली आहे हो, कारखान्यात नीट वापरली तर यंत्र का बंद पडलं ते खरंच सापडतं. आमच्यात फक्त एक नियम जास्त आहे, पाचव्या "का"च्या उत्तरात कुठल्याही डिपार्टमेंटचं नाव येता कामा नये. खोकी का भिजली, पाणी पडलं. पाणी का पडलं, पत्रा गळतो. झाकली का नाहीत, ताडपत्री नव्हती. का नव्हती? इथे सगळ्यांनी लॅपटॉपकडे बघितलं. पाचवं उत्तर मिनिट्समध्ये असं आलं, पावसाबाबत जागरूकतेचा अभाव. कोकणात! मग आम्हा सगळ्यांना ४५ मिनिटांचं ट्रेनिंग, व्हिडिओ हिंदीत, त्यातला माणूस छत्री उघडून दाखवत होता.

तसं जागरूकतेचं म्हणाल तर २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारात शिरली तेव्हा मी माळ्यावर बसलो होतो, लाइट नाही, रेंज नाही. तीन दिवसांनी फोन लागला तर पहिला मेसेज एचआरचा, लॉगिन का नाही, कारण निवडा. आजारपण, वैयक्तिक, इतर. मी "इतर" निवडलं. इतरला पुरावा जोडावा लागतो. मी दाराच्या चौकटीवरच्या चिखलाच्या रेघेचा फोटो जोडला, तो साइज मर्यादेपेक्षा मोठा निघाला. पूर मोठा होता, फोटोचा काय दोष. तेव्हापासून माझा तिसरा सल्ला, संकट आलं तर ते दोन एमबीच्या आत ठेवा.

अप्रेझलबद्दल फार लिहित नाही, दुखतं. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे किती जणांना वर आणि किती जणांना खाली ठेवायचं ते आधीच ठरवून, कोणाला तरी खाली बसवावंच लागतं, मायक्रोसॉफ्टने ती सक्ती २०१३ मध्येच सोडली, आमच्याकडे बातमी अजून पोचायचीय, बहुतेक हायवेने निघालीय. मला खाली बसवलं, "मान्सून नियोजन" हा माझ्या गोल्समध्ये होता म्हणून.

ताडपत्री आली. कार्तिकात. नवी कोरी, हिरवी, वजन करून घेतली, अकरा किलो. ठेवली काकांच्या निळीच्या शेजारी. मग सहा महिने कोणी हात लावला नाही म्हणून ऑडिटने तिला नॉन-मूव्हिंग ठरवलं. आता नोव्हेंबर ते मे ताडपत्री हलणार कुठे, पण असं उलट विचारायचं नसतं, डोकं गेटवर आहे ना. स्क्रॅप कमिटी बसली, एवढी एकच कमिटी मी वेळेवर बसलेली पाहिलीय, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही ताडपत्र्या किलोवर विकायचं ठरलं. विकायच्या रजिस्टर्ड व्हेंडरलाच, आणि आमच्या भागात रजिस्टर्ड कोण, तर तोच बाजारातला, त्याचा कोड तेवढ्यात आला होता.

काका दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात गेले आणि आपलीच निळी ताडपत्री साडेतीनशेला परत घेऊन आले. दुकानदार पैसे नको म्हणत होता, काकांनी दिले, वर बिल मागून घेतलं. बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलंय. न जाणो, म्हणाले, या वर्षी परत न्यावी लागली तर.