उचल, नॅशव्हिलची

परवा पुण्याहून मित्राचा फोन आला. तो मालिकांची शीर्षकगीतं लिहितो, अधूनमधून सिनेमाचीही. एका वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत कुणा मुलीनं त्याचं गाणं म्हटलं. परीक्षकांनी डोळे पुसले, मूळ गायिकेचं नाव तीनदा घेतलं, संगीतकाराचं एकदा, आणि ज्या ओळींवर डोळे पुसले त्या लिहिणाऱ्याचं एकदाही नाही. "आता सवय झालीय," हे तो दहा मिनिटं सांगत होता, म्हणजे झालेली नव्हती. मग नेहमीचं वाक्य आलं: "तुझं बरं आहे बाबा. तुझ्या गावात गीतकाराला बघायला लोक तिकीट काढून येतात."

माझं गाव म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. मूळचा मी सिन्नर तालुक्यातला. इथल्या एका रुग्णालयाच्या संगणक विभागात नोकरी लागली म्हणून अकरा वर्षांपूर्वी आलो, तेव्हा इथलं कंट्री म्युझिक, अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेलं गाणं, म्हणजे मोठी टोपी आणि ट्रक एवढंच डोक्यात होतं. तिकिटाचं मात्र खरं आहे. ग्रीन हिल्स भागात दुकानांच्या एका साध्या रांगेत ब्लूबर्ड कॅफे आहे. बाहेरून बघाल तर झेरॉक्सचं दुकान वाटेल. 1982 मध्ये सुरू झालेल्या या जागेत जेमतेम नव्वद माणसं बसतात. 1985 पासून तिथं एक पद्धत पडली: चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात, पाळीपाळीनं एकेक गाणं म्हणतात आणि ते कसं सुचलं ते सांगतात. श्रोते भोवती, इतके जवळ की गिटारचं डोकं ताटाला लागेल. बोलायचं नाही. कुणी कुजबुजलं तर लोकच शूऽ करतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा साठीचा एक गृहस्थ घोगऱ्या आवाजात गायला लागला. दुसऱ्या ओळीला शेजारची बाई तोंडावर हात ठेवून नवऱ्याकडे बघायला लागली. ते गाणं तिला एका नामवंत गायकाचं म्हणून पाठ होतं. आवाज यथातथाच, पण ज्याच्या पोटातून ते आलं त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी ती चार तास गाडी चालवून आली होती. हे मित्राला सांगितलं तर तो गप्पच झाला.

आता पुढचं, जे त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही.

या शहराची आवडती कथा गायिका-गीतकार डॉली पार्टनची. डोंगरातल्या गरीब घरातली, बारा भावंडांतली चौथी. गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडताना त्याचा निरोप घ्यायला तिनं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे गाणं लिहिलं, 1974 मध्ये ते आलं आणि गाजलं. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. पण त्याचा मॅनेजर कर्नल पार्कर म्हणाला, प्रकाशनहक्कातला अर्धा वाटा आम्हाला. डॉली नाही म्हणाली आणि रात्रभर रडली. पुढे 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं गायलं आणि ते अमेरिकेत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. इथं एक गंमत आहे. अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला. गाणाऱ्याला काहीच नाही. म्हणजे व्हिटनीचा आवाज देशभर घुमत होता आणि रेडिओचे पैसे डॉलीकडे येत होते. आपल्याकडे साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेब काही वर्षं एकत्र गायले नाहीत, ते गायकांच्या रॉयल्टीवरून. लिहिणाऱ्याच्या वाट्यावरून एवढा मोठा अबोला कुणी धरल्याचं मला तरी आठवत नाही.

पण डॉली एक. माझा शेजारीही गीतकार आहे. तो सकाळी दहाला 'म्युझिक रो' या भागात जातो, तिथल्या जुन्या बंगल्यांमध्ये पब्लिशरांची ऑफिसं आहेत. एका खोलीत तिघं बसतात, दोन गिटारी, एक लॅपटॉप, भरपूर कॉफी, आणि संध्याकाळपर्यंत एक गाणं. पब्लिशर त्याला दरमहा ठरावीक रक्कम देतो, तिला इथं 'ड्रॉ' म्हणतात. त्यानं मला ते समजावून सांगितलं तेव्हा मी पटकन मराठीतच बोललो: ही तर उचल! ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतो ती, तमाशातला कलावंत फडमालकाकडून घेतो ती. गाणं चाललं तर आधी उचल फिटणार, मग घरात पैसा. फरक एवढाच की गाणं नाहीच चाललं तर सहसा उचल अंगावर राहत नाही, फक्त पुढच्या वर्षी करार राहत नाही.

सीडीच्या काळात या उचलीतून माणूस सुटायचा. 2006 पासून पुढची बरीच वर्षं दर होता प्रत्येक प्रतीमागे गाण्याला 9.1 सेंट. अल्बम दहा लाख विकला गेला तर त्यातल्या आठव्या क्रमांकाच्या, कुणी न ऐकलेल्या गाण्यालाही 91,000 डॉलर. पब्लिशर आणि सहलेखक वाटेकरी धरले तरी घराचा हप्ता निघायचा. स्ट्रीमिंगमध्ये वाजेल त्याच गाण्याला पैसे, आणि तेही कणाकणानं. आठवं गाणं मेलं. त्या आठव्या गाण्यावर जगणारा नॅशव्हिलचा मध्यमवर्गीय गीतकारही त्याच्यासोबत संपत आला. माझा शेजारी संध्याकाळी ॲपची टॅक्सी चालवतो. इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारपर्यंत पर्यटकांना सोडतो आणि गाडीत कधीतरी त्यानं लिहिलेलं गाणं लागलं तर सांगत नाही म्हणे. "सांगून काय, टीप वाढते का?"

विली नेल्सननं उमेदीच्या काळात आपलं एक गाणं पन्नास डॉलरला विकून टाकलं होतं. ते हिट झालं, पैसे दुसऱ्यांना गेले. आपल्याकडे आज कायद्यानं हे होऊ शकत नाही, आणि ही गोष्ट तिकडच्या चर्चेत मला कुणीच बोलताना दिसत नाही. 2012 ची कॉपीराइट दुरुस्ती, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, ती सांगते की सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा गीतकार-संगीतकाराला सही करूनही सोडता येत नाही. वारसाला देता येतो, कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो, निर्मात्याला नाही. अमेरिकेत आजही पूर्ण गाणं विकता येतं. कागदावर आपण पुढे आहोत! मित्र यावर हसला. "सही करताना कलम काढून दाखवलं की दुसऱ्या दिवशी दुसरा गीतकार येतो." त्याचं बरोबर आहे. 2020 मध्ये स्वानंद किरकिरेंसकट हिंदीतल्या पंधरा गीतकारांना आपलं नाव छापा म्हणून गाणंच काढावं लागलं, तेव्हा कायदा आठ वर्षांचा झाला होता.

तरीही मी त्याला नॅशव्हिलचे गोडवे गाऊ देत नाही, याचं मोठं कारण वेगळं आहे. कंट्री म्युझिकचा जन्म टेनेसीच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावातल्या 1927 च्या ध्वनिमुद्रणांपासून सांगतात. कार्टर फॅमिली हा एकाच घरातला गाणारा गट त्या ध्वनिमुद्रणांतला. ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून गाणी गोळा करत फिरायचे, आणि काही वर्षं त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा. कार्टर शब्द उतरवून घेणार, रिडल चाल लक्षात ठेवणार. त्याच घरातल्या मेबेल कार्टरनं त्याच्याकडून गिटारच्या युक्त्याही उचलल्या. गाण्यांवर नाव लागलं कार्टरचं. रिडलचं कुठेच नाही. म्हणून 2023 मध्ये ट्रेसी चॅपमनच्या 1988 च्या गाण्याला, कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सनं ते पुन्हा गायल्यावर, कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार मिळाला तेव्हा मला आनंदापेक्षा हिशेब आठवला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गाणं येऊन पस्तीस वर्षं झाली होती.

नाव पुसलं जाण्याचं हे दुखणं आपल्या पूर्वजांना ठाऊक असावं. छापखाना नव्हता, ध्वनिमुद्रिका नव्हती, तेव्हा त्यांनी नाव गाण्यातच विणलं. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. गायचं तर लिहिणाऱ्याचा उच्चार केल्याशिवाय गाणं संपतच नाही. माझ्याच तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक हे माझ्या मते मराठीतले खरेखुरे गीतकार-गायक. लिहिणार तेच, चाल त्यांचीच, गावोगाव फिरून गाणारही तेच. नॅशव्हिलमध्ये जन्मले असते तर ब्लूबर्डच्या मधल्या खुर्चीत बसले असते. त्यांनीही शेवटच्या कडव्यात 'वामन' ठेवला.

गेल्या एप्रिलमध्ये इथं भीमजयंतीचा छोटा कार्यक्रम होता. इथंच जन्मलेली एक मुलगी वामनदादांचं गाणं म्हणणार होती. कार्यक्रमपत्रिका हातात आली तर त्यावर "गीत: पारंपरिक". मी तिच्याकडे गेलो. "काका, ॲपवर फक्त गायकाचं नाव आहे. मग मी पारंपरिक टाकलं." तिला म्हटलं, शेवटचं कडवं म्हण बरं. ती हलक्या आवाजात म्हणत गेली, 'वामन' शब्दाशी अडखळली आणि वर बघून म्हणाली, "हे कोण?"

पत्रिकेच्या साठ प्रती होत्या. दोघांनी बसून हातानं नाव घातलं. कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला.